शेवटी चालणाऱ्याच्या मागे कोण आहे?

आजचे शास्त्रवाचन: निर्गम १७:८-१६ आणि अनुवाद २५:१७-१८
सोबत वाचावे: उत्पत्ती ३३:१२-१४, गणना १०:२५, यशया ५२:१२, गलतीकरांस पत्र ६:२-५



निर्गमातला आजचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेत चित्रासकट ऐकलेला आहे. टेकडीच्या माथ्यावर मोशे धोंड्यावर बसलाय, एका बाजूला अहरोन, दुसऱ्या बाजूला हूर, दोघांनी त्याचे हात धरून ठेवलेत आणि खाली यहोशवा अमालेकाशी लढतोय. या उताऱ्यावरचे संदेश बहुधा प्रार्थनेच्या सामर्थ्यावर असतात आणि ते बरोबरच आहे. पण आज आपण हाच उतारा दुसऱ्या टोकाकडून वाचू या. टेकडीच्या माथ्याकडून नाही, तर रांगेच्या शेपटाकडून.

१. अमालेक कुणावर चालून आला?

निर्गम १७ मध्ये एवढंच सांगितलं आहे की रफीदीम इथे अमालेक आला आणि इस्राएलाशी लढू लागला. कसा आला, कुठून आला, ते तिथे नाही. त्यासाठी अनुवाद २५ उघडावं लागतं. चाळीस वर्षांनंतर मोशे लोकांना त्या दिवसाची आठवण करून देतो आणि तेव्हा खरी गोष्ट कळते. अमालेक समोरून आलाच नव्हता. लोक थकले-भागलेले होते, रांग लांबली होती आणि जे अशक्त होऊन मागे रेंगाळत होते त्यांनाच त्याने गाठून मारलं. अमालेकाला देवाचं भय नव्हतं, असंही मोशे तिथे सांगतो.

विचार करा, मागे कोण असतात? म्हातारी माणसं. अंगावर पिणारं मूल घेतलेली आई. तापाने फणफणलेला एखादा. पायाला फोड आलेला. आणि कदाचित असाही एखादा, ज्याच्या पायांना काही झालेलं नाही, पण चालण्याची इच्छाच संपली आहे. पुढे झेंडे घेऊन चालणाऱ्यांना बराच वेळ पत्ताही लागला नसेल की मागे काय चाललंय.

आता याला जोडून उत्पत्ती ३३ वाचा. याकोब आणि एसाव वीस वर्षांनी भेटले आहेत. एसाव म्हणतो, चल, बरोबरच निघू. याकोब नको म्हणतो. तो सांगतो की मुलं लहान आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या-गाई आहेत, एक दिवस जरी जास्त दामटल्या तर कळप मरून जाईल. तुम्ही पुढे व्हा, मी मुलांच्या आणि गुरांच्या चालीने हळूहळू येतो. आणि हा अमालेक कोण? उत्पत्ती ३६:१२ प्रमाणे तो एसावाचा नातू. म्हणजे ज्या घराण्याच्या मूळपुरुषाने लेकरांच्या चालीने चालायचं ठरवलं, त्याच घराण्याच्या मागे पडलेल्या लेकरांवर त्याच्या भावाचे वंशज चालून आले. शास्त्र असं एकाशेजारी एक ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो.

२. कळसूबाईच्या वाटेवर

ही दोन वचनं मी कितीतरी वेळा वाचली होती. पण ती मनात बसली एका डोंगराच्या वाटेवर. ते इथे लिहिते आहे कारण ज्या मैत्रिणीबद्दल लिहायचं आहे तिने स्वतः सांगितलं, "लिही. कुणाला तरी उपयोग होईल."

आम्ही आठ जणं. सगळे एकाच मंडळीच्या तरुण संघात वाढलेले, आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पावसाळा सरल्यावर कळसूबाईला जायचं ठरलं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर जाणारी वाट प्रसिद्ध आहे. नाशिकहून पहाटे निघून घोटीमार्गे आम्ही उजाडता उजाडता बारीत पोचलो. भातशेतांच्या बांधावरून वाट निघते, मग झाडी, मग पायऱ्या आणि कातळ, आणि जिथे कडा उभा आहे तिथे लोखंडी शिड्या. शिखरावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे, गावकरी नवरात्रात तिथे दर्शनाला चढतात.

आमच्यातली एक मैत्रीण वर्षभरापूर्वी विधवा झाली. यजमानांचं आजारपण लांबलं, तिने सगळं एकटीने निभावलं. अंत्यविधीला मंडळी भरभरून आली होती. पहिले पंधरा दिवस घरात जेवणाचे डबे येत होते. मग जसं सगळीकडे होतं तसं झालं, जो तो आपापल्या कामाला लागला. ती रविवारी उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता निघून जायची. "येतेस का डोंगरावर?" असं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली, त्याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं.

पहिला तास बरा गेला. मग रांग ताणायला लागली. आमच्यातला एक जण दर वर्षी चार-पाच गड चढतो, तो पुढे. त्याच्यामागे हसत-खिदळत तिघं-चौघं. ही सगळ्यात शेवटी. मी आणि बँकेत असणारा एक मित्र तिच्याबरोबर होतो. एक शिडी चढून वर आलो आणि ती कठड्याला धरून उभीच राहिली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी इथेच थांबते. येताना मला घ्या."

तिथे सरबताचं छोटं दुकान होतं. चार बांबू, वर कापड, खाली चपटा धोंडा आणि त्यावर पाण्याचे कॅन. दुकानवाल्या मावशींनी आमच्याकडे एकदा पाहिलं, कॅन उचलून बाजूला ठेवले, धोंडा पदराने झटकला आणि म्हणाल्या, "बसा ताई. डोंगर काय पळून चाललाय व्हय?"

ती बसली. आम्हीही खाली बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तीच बोलली.

"मला वर जाऊन काही बघायचं नाहीये. घरात बसवेना म्हणून आले. हे गेल्यापासून माझी प्रार्थना बंद झालीय. चर्चमध्ये उभी राहते, तोंड हलवते. आतून काही निघत नाही. देव आहे की नाही असला प्रश्न नाही गं माझा. आहे तो. पण त्याच्याशी बोलायला माझ्यात काही उरलंच नाही."

मला पटकन एखादं वचन आठवलं असतं, पण त्या क्षणी काही आठवलं नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं. माझा मित्र मात्र अगदी साधं बोलला. "मग तू नको करू," तो म्हणाला. "रोज रात्री नऊला मी करत जाईन, तुझं नाव घेऊन. तू जागी असलीस तर अस, नाहीतर खुशाल झोप."

ती रडली. मावशींनी न मागता तीन ग्लास सरबत पुढे केलं.

अर्ध्या-पाऊण तासाने ती आपणहून उठली. आम्ही हळूहळू शेवटच्या शिडीखालच्या विहिरीपर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. शिखर आम्हा तिघांचं राहिलं. तिथूनही खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकताना दिसत होतं. एवढ्यावर तिचं पोट भरलं होतं आणि आमचंही.

उतरताना त्या गड चढणाऱ्या मित्राने क्रम बदलला. "आता ही पुढे," तो म्हणाला. "हिच्या चालीने सगळे. मी सगळ्यात शेवटी." डोंगरात फिरणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, सगळ्यात दमदार माणूस मागे. तसं केलं की रांग तुटत नाही. गंमत बघा, चढताना आम्ही तीन तुकड्यांत विखुरलो होतो, उतरताना बारीपर्यंत आठही जणं एकत्र होतो आणि कुणालाही फारसा उशीर झाला नाही.

घरी आल्यावर मी पुन्हा निर्गम १७ वाचायला घेतलं. आता त्यातल्या चार गोष्टी पाहू.

३. धोंडा: आधी बसू द्या

मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी पहिली गोष्ट काय केली? त्यांनी हात धरले नाहीत. आधी एक धोंडा आणला आणि त्याला बसवलं. हात धरणं त्यानंतर.

मोशेचं वय लक्षात घ्या. निर्गम ७:७ प्रमाणे फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो ८० वर्षांचा होता आणि अहरोन ८३. या लढाईच्या वेळी साधारण तेच वय. ८० वर्षांचा माणूस टेकडी चढून दिवसभर हात वर करून उभा आहे. तो थकला यात अविश्वास नव्हता, पाप नव्हतं. शरीर थकलं, इतकंच. आणि शास्त्र ते लपवत नाही. समुद्रावर हात उगारणारा, खडकावर काठी मारून पाणी काढणारा हा देवाचा माणूस, त्याचे हात जड झाले असं शास्त्र सरळ सांगतं.

दुःखात असलेल्या माणसाला आपण किती लवकर उभं करायला बघतो! "आता सावर," "मुलांकडे बघ," "देवाची इच्छा." अहरोन आणि हूर यांनी मोशेला आणखी थोडा वेळ उभं राहायला सांगितलं नाही. त्यांनी बसायची सोय केली. लढाई ऐन भरात असताना सुद्धा बसण्यात कमीपणा नव्हता. त्या डोंगरावर आमच्या मैत्रिणीला धोंडा दिला तो आमच्यापैकी कुणी नाही, सरबतवाल्या मावशींनी. देव कुणाच्या हातून धोंडा पाठवेल ते सांगता येत नाही.

४. दोन बाजूंना दोघे: हात त्याचेच राहिले

दुसरी गोष्ट. अहरोनाने देवाची काठी मोशेच्या हातातून घेऊन स्वतः उगारली नाही. हात मोशेचेच राहिले. त्या दोघांनी फक्त ते पडू दिले नाहीत.

इथे पौलाने गलतीकरांना लिहिलेली दोन वाक्यं आठवतात, जी वरवर परस्परविरोधी वाटतात. गलती ६:२ मध्ये तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकाने आपलाच भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या वचनात "बारोस" या शब्दाचं रूप आहे, म्हणजे चिरडून टाकणारं वजन. पाचव्या वचनात "फोर्तिओन" आहे, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची वाहून नेण्याजोगी मोळी. मत्तय ११:३० मध्ये प्रभू येशू आपलं ओझं हलकं आहे असं म्हणतो, तिथेही हाच "फोर्तिओन" शब्द आहे.

डोंगरावर याचा अर्थ सोपा आहे. ज्याची त्याची पिशवी ज्याच्या त्याच्या पाठीवर. पण कुणाचा पाय मुरगळला तर त्याचं अंगच आता त्याला ओझं झालेलं असतं, तिथे खांदा द्यायचा. आमच्या मैत्रिणीचं दुःख आम्ही घेऊ शकत नाही. ती विधवा आहे, आम्ही नाही. "मला कळतंय तुझं" असं म्हणणं सुद्धा खोटं ठरेल. पण प्रार्थनेचे हात पडत असतील तर ते खालून धरता येतात. तिचं नाव घेऊन देवासमोर जाता येतं. मार्क २ मधल्या त्या चौघांनी पक्षाघात झालेल्या मित्राला छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचाही. कधीकधी एखाद्याला दुसऱ्याच्या विश्वासावर प्रभूपर्यंत यावं लागतं आणि प्रभू त्याला परत पाठवत नाही.

आणि दोघं होते हेही विसरू नका. एका बाजूने धरलं असतं तर मोशे कलंडला असता. दुःखातल्या माणसाची जबाबदारी एकट्यावर टाकू नये, एकट्याने घेऊही नये. पाळकसाहेब आहेत ना, असं म्हणून मंडळीने हात झटकू नयेत. ८३ वर्षांचा अहरोनसुद्धा एकाच हाताला पुरला.

५. सूर्य मावळेपर्यंत: विश्वास म्हणजे काय?

बाराव्या वचनात लिहिलं आहे की मोशेचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. इथे मूळ इब्री शब्द आहे "एमूना". हाच शब्द हबक्कूक २:४ मध्ये आहे, जिथे नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल असा अर्थ आहे. आणि "आमेन" हा शब्द याच धातूपासून आला आहे.

हे मला फार मोलाचं वाटतं. आपण विश्वास म्हणजे मनातली एक जोरदार भावना समजतो. ती भावना आली की विश्वास आहे, गेली की विश्वास गेला. पण "एमूना" म्हणजे टिकून राहणं, न ढळणं. आणि निर्गम १७ मध्ये हे टिकून राहणं मोशेच्या एकट्याच्या स्नायूंत नव्हतं. तीन माणसं मिळून ते टिकलं. हात एकाचे, बळ तिघांचं, आणि विजय देणारा परमेश्वर. म्हणूनच मोशेने नंतर वेदी बांधली तेव्हा तिला स्वतःचं, अहरोनाचं किंवा यहोशवाचं नाव दिलं नाही. याव्हे-निस्सी असं नाव दिलं, म्हणजे परमेश्वर माझा झेंडा.

माझ्या मित्राने त्या दिवसापासून रोज रात्री नऊला प्रार्थना केली आणि झाल्यावर तिला व्हॉट्सॲपवर एकच शब्द पाठवला, "झाली." ती उत्तर द्यायची नाही. नुसत्या दोन निळ्या खुणा. आठवडे गेले, महिने गेले. सूर्य मावळेपर्यंत म्हणजे किती, ते हात धरणाऱ्याला आधी माहीत नसतं. मध्यंतरी तो आजारी पडला. दोन दिवस ताप, त्या दिवशी निरोप गेला नाही. साडेनऊला तिचा निरोप आला, "आज तुझ्यासाठी मी केली. दोनच वाक्यं." त्याने तो मला दाखवला तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. तिची प्रार्थना आता रोज होते का, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तो अजूनही नऊला "झाली" पाठवतो.

६. पिछाडीला कोण?

चौथी गोष्ट अशी की या लढाईनंतर रांग तशीच राहिली नाही. दुसऱ्या वर्षी इस्राएल लोक सीनायहून निघाले तेव्हा कुणी कुठे चालायचं हे ठरलेलं होतं, आणि गणना १०:२५ सांगतं की दानाच्या छावणीला सगळ्या छावण्यांची पिछाडी सांभाळायला ठेवलं होतं. गणना २ मध्ये चारही छावण्यांचे आकडे आहेत. सगळ्यात पुढे यहूदाची छावणी, १,८६,४०० लढवय्ये. आणि सगळ्यात मागे दानाची, १,५७,६००. म्हणजे सगळ्यात मोठी छावणी पुढे आणि तिच्या खालोखाल मोठी छावणी शेवटी. उरलंसुरलं मागे, असा हिशेब देवाच्या लोकांत नाही. रफीदीमला जिथे मार बसला होता तिथे आता दीड लाखाहून अधिक लोक उभे होते.

आणि दानाच्याही मागे कोण होतं? तांबड्या समुद्रापाशी मिसरी सैन्य पाठीवर आलं तेव्हा पुढे चालणारा मेघस्तंभ उठून लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला, असं निर्गम १४:१९ सांगतं. यशया ५२:१२ मध्ये संदेष्टा म्हणतो की परमेश्वर तुमच्या पुढे चालेल आणि इस्राएलाचा देव तुमची पिछाडी राखेल. आपला देव फक्त पुढे चालून वाट दाखवणारा नाही. जो सगळ्यात शेवटी पाय ओढत येतोय, त्याच्याही मागे तो चालतो. म्हणून त्याच्या लोकांमध्ये कुणीही खऱ्या अर्थाने शेवटचा नसतो.

रफीदीमला पाणी नव्हतं तेव्हा लोकांनी विचारलं होतं की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही (निर्गम १७:७). लगेच पुढच्या वचनात अमालेक येतो. मला वाटतं, मागे पडलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर उपदेशातून मिळत नाही. आपल्यासाठी कुणी थांबलं का, यावरून ते त्याला मिळतं.

७. ज्याच्यासाठी कुणी थांबलं नाही

प्रभू येशूसुद्धा एका रात्री तीन मित्रांना घेऊन जैतुनांच्या डोंगरावर गेला. गेथशेमानेत त्याचा जीव मरणप्राय दुःखी झाला होता आणि त्याने त्यांना एवढंच सांगितलं होतं की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तो तीनदा आला, तीनदा ते झोपलेलेच होते. मोशेला अहरोन आणि हूर मिळाले, येशूचे हात धरायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते हात खिळ्यांनी धरले गेले.

म्हणूनच, जो एकटा पडला आहे त्याला तो आतून ओळखतो. आणि इब्री ७:२५ सांगतं की तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. त्याचे हात जड होत नाहीत. त्यांना खालून धरायला कुणी लागत नाही. माझ्या मित्राला ताप येऊ शकतो, मी विसरू शकते, मंडळी आपापल्या कामाला लागू शकते. पण आपलं नाव घेऊन पित्यासमोर उभा असलेला एक जण कधीच थांबत नाही. आपण एकमेकांचे हात धरतो ते त्याची जागा घ्यायला नाही. तो करतोय त्याची थोडीशी चव आपल्या भावा-बहिणीला मिळावी म्हणून.

आज स्वतःला विचारू या

आपल्या मंडळीत, घरात, मित्रांत रांगेच्या शेवटी आज कोण आहे? कोण मागच्या बाकावर बसून आशीर्वादानंतर लगेच निघून जातं? त्याचं किंवा तिचं नाव एका कागदावर लिहा.

त्या व्यक्तीला आत्ता हात धरायची गरज आहे, की आधी बसायला धोंडा हवा आहे? धोंडा म्हणजे एखादा जेवणाचा डबा असेल, बँकेत किंवा सरकारी कचेरीत सोबत जाणं असेल, किंवा काहीच न बोलता तासभर शेजारी बसणं असेल.

दुसरा कोण आपल्याबरोबर उभा राहील? एकट्याने सुरू करू नका. आज एक फोन करा.

आणि आज तुम्हीच शेवटी असाल, वाचता वाचता डोळे भरले असतील, तर एवढंच ऐका. तुम्हाला प्रार्थना येत नाही म्हणून देव तुमच्यावर रागावलेला नाही. बसा. कुणाला तरी सांगा की माझे हात जड झालेत. मोशेलाही हे घडलं, आणि त्या दिवशी लढाई हरली गेली नाही.

प्रार्थना

हे पित्या, तू आमच्या पुढे चालतोस आणि आमच्या मागेही चालतोस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आम्ही पुढे जाण्याच्या घाईत ज्यांना मागे ठेवलं त्यांची नावं आज आम्हाला आठवू दे. थकलेल्याला उपदेश करण्याआधी बसायला जागा देण्याचं शहाणपण दे. हात धरले तर सूर्य मावळेपर्यंत धरण्याची चिकाटी दे. ज्या बहिणीला, ज्या भावाला आज तुझ्याशी बोलायला शब्द नाहीत, त्यांच्याऐवजी आम्ही बोलतो आहोत, तू ऐक. आणि आमचे हात जड होतील तेव्हा ज्याचे हात आमच्यासाठी खिळले गेले, त्याची मध्यस्थी आम्हाला पुरेशी होऊ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.